दुर्बिणीचा चेस्ट हार्नेस: झाकणवाला पाऊच घ्यावा का साधा एक्स पट्टा?

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दिवाळीत १० बाय ४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) दुर्बीण घेतली, दर रविवारी चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी बघायला जाता, दोन तासात मान भरून येते, आणि आता अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून छातीवर बांधायचा तो झाकणवाला पाऊच घ्यावा का साधा एक्स पट्टा (दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली होणारा) घ्यावा हे ठरत नाहीये. बजेट तीन हजार, जाणं-येणं मोटारसायकलवर, आणि यंदा पाणवठ्यावरच्या वन्यप्राणी गणनेलाही नाव द्यायचंय.

आधी सरळ उत्तर देतो. पहिले साधा एक्स पट्टा घ्या, पण चांगला घ्या. पाऊच नंतर, तो पण घ्यायचा तर मोटारसायकल, पावसाळा आणि काटेरी रानासाठी. तीन हजारात पट्टा येऊन पैसे उरतात, त्यामुळे घाईने पाऊच मागवू नका. आता असं का म्हणतोय ते सविस्तर सांगतो, कारण मी वीस-बावीस वर्षं याच डोंगरात दुर्बीण गळ्यात घालून फिरतोय आणि दोन्ही प्रकार वापरून झालेत.

मान का दुखते ते आधी समजून घ्या. तुमच्या दुर्बिणीचं वजन साधारण सातशे-आठशे ग्रॅम असेल, हातात घेतली तर काहीच वाटत नाही, पण ते सगळं वजन मानेच्या मागे दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर लटकतं आणि चालताना प्रत्येक पावलाला एक हिसका बसतो. चार तास चाललो की किती हिसके झाले बघा. त्यात आपण सारखं झाडाच्या शेंड्याकडे मान वर करून बघतो, म्हणजे जिथे पट्टी रुतते तिथेच मान मागे मोडते. एक्स पट्ट्यात तेच वजन दोन्ही खांद्यांवरून पाठीवर जातं, मानेला पट्टी लागतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका सरांना मणक्याचा त्रास होता, त्यांनी दुर्बीण सोडूनच दिली होती, पट्टा लावल्यावर परत यायला लागले.

शिकाऱ्यांसाठी बनलेली वस्तू म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे, पण तिकडच्या डोंगरात एल्क आणि म्युल डिअर या हरणांच्या मागे जाणारा माणूस दिवसभर एका जागी बसून समोरची डोंगरउतरण दुर्बिणीने विंचरत असतो, हातात धनुष्य किंवा बंदूक असते, सरपटत पुढे जावं लागतं, त्यामुळे एका हाताने, आवाज न करता दुर्बीण काढता यावी आणि खाली वाकलं तरी ती लोंबू नये या गरजेतून ते पाऊच तयार झाले. एफएचएफ, मार्सुपियल, अलास्का गाइड क्रिएशन्स ही नावं तुम्ही व्हिडिओत ऐकली असतील, कामाच्या वस्तू आहेत, पण शंभर-दीडशे डॉलर, वर कुरियर आणि कस्टम, म्हणजे तुमच्या बजेटच्या बाहेर. आणि त्या बनल्यात थंड डोंगरासाठी, जॅकेटच्या वरून घालायला. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला जाऊन टेकतो.

हा उन्हाचा मुद्दा कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत म्हणून जरा थांबून सांगतो. पाऊचला आतून फोम असतो, मागचा भाग सगळा छातीला चिकटून बसतो. आपल्याकडे मार्चपासून सकाळी नऊच्या आतच शर्ट भिजतो, आणि जिथे पाऊच चिकटलाय तिथे हवाच लागत नाही. मी एका एप्रिलमध्ये पाल गावापासून पुढे डोंगरात पाऊच घालून सहा तास चाललो, संध्याकाळी छातीवर बरोबर पाऊचच्या आकाराचं घामोळं उठलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे घामाची वाफ आत जाऊन दुर्बिणीच्या आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या काचेवर, धुकं धरायचं, काढली की पहिले पुसा मग बघा. तोवर पक्षी थांबतो का? मागच्या बाजूला जाळी असलेले पाऊच येतात, त्यांनी फरक पडतो पण पूर्ण नाही. एक्स पट्ट्यात दुर्बीण मोकळी लटकते, वारा लागतो, मागे फक्त चार पट्ट्या. होळी ते मिरग एवढा काळ तरी मी दुसरं काही वापरत नाही.

आता वेळेचं बघा. तुम्ही चोपडा-यावल पट्ट्यात फिरता म्हणजे आज ना उद्या रानपिंगळ्याच्या, त्या छोट्या घुबडाच्या, नादी लागणारच, लागलंच पाहिजे, आपल्या मातीतला पक्षी आहे तो. खानदेशातून १८८४ मध्ये त्याचे नमुने गोळा झाले, त्यानंतर तो गेला, संपला असंच जग धरून चाललं होतं, आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला. हा दिवसा दिसतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो, शेपटी बाजूला झटकतो, पण साधा पिंगळासुद्धा त्याच रानात असतो आणि घाईत बघितलं तर दोन्ही सारखेच वाटतात. फरक करायचा तर डोकं बघा, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं, छाती गडद तपकिरी आणि पोट पांढरं. हे सगळं बघायला तुमच्याकडे कधी दहा सेकंद असतात, कधी चार. त्या चार सेकंदात नजर पक्ष्यावरून न हलवता हात आपोआप दुर्बिणीवर जाऊन ती डोळ्याला लागली पाहिजे. एक्स पट्ट्यावर दुर्बीण रोज एकाच जागी असते, हाताला जागा पाठ होते. पाऊचमध्ये झाकण, मग ओढून काढणं, एक पायरी वाढलीच. सवयीने जमतं, नाही असं नाही, पण नवीन माणूस झाकणाकडे खाली बघतो आणि परत वर बघेपर्यंत फांदी रिकामी.

एक्स पट्टा घेताना काय बघायचं? पाठीवर जिथे पट्ट्या एकमेकींना छेद देतात तिथे चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा असतो, तो रुंद आणि सपाट पाहिजे, प्लास्टिकची जाड रिंग नको, वर सॅक घातली की ती रिंग मणक्यावर टोचते. पट्टी अंगठ्यापेक्षा रुंद पाहिजे. इलास्टिक आहे का साधी नायलॉनची निवार हे बघा, माझं मत असं की थोडं इलास्टिक चांगलं, दुर्बीण डोळ्याला नेताना हात जड होत नाहीत, पण पूर्ण पट्टी इलास्टिकची असेल तर चालताना दुर्बीण छातीवर उड्या मारत राहते आणि अर्ध्या दिवसात वैताग येतो. दुकानात असाल तर दुर्बीण लावून जागेवर दहा उड्या मारा, लगेच कळतं. आणि इलास्टिक आपल्या उन्हात टिकत नाही, माझ्याकडे दोन उन्हाळ्यांच्या वर एकही टिकलेलं नाही, ताणून सोडलं की सैल राहतं, तसं झालं की बदलून टाका.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे दुर्बिणीला जोडणारा सांधा, आणि इथे लोक फसतात. स्वस्त पट्ट्याला किल्लीच्या रिंगसारखी गोल स्प्रिंग रिंग असते, ती कधीच घेऊ नका. तोरणमाळला कड्याजवळच्या खडकावर चढताना माझी तशी एक रिंग उघडली, एक बाजू सुटली, सगळा भार दुसऱ्या बाजूवर आला आणि ती पण गेली. दुर्बीण दोन पुरुष उंचीएवढी खाली काळ्या खडकावर. काच फुटली नाही म्हणून जीव भांड्यात पडला, पण डोळ्याला लावली तर एका झाडाची दोन झाडं दिसत होती, म्हणजे आतला प्रिझम सरकला होता. ती दुरुस्त होऊन आली पण पहिल्यासारखी कधीच झाली नाही, अर्धा तास बघितलं की डोकं दुखायचं. पट्टा विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे आमची गॅरंटी शिलाईची, रिंगची नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का, दुर्बिणीच्या कानातून (बाजूला पट्टा ओवायची फट असते त्यातून) फक्त ओवलेली निवार जाईल, तीन दातांच्या बकलमधून उलट फिरवून घट्ट केलेली, आणि त्याच्या खाली साइड रिलीज बकल, कोपऱ्यावर दाबून काढायचं ते. दर रविवारी निघण्याआधी दोन्ही बाजू हाताने जोरात ओढून बघायच्या.

पट्टा घरी आला की बांधायची पद्धत. आरशासमोर उभे राहा, नेहमी रानात घालता तोच शर्ट घाला. पाठीवरचा छेद दोन्ही खवाट्यांच्या मधे आला पाहिजे, मानेखाली सरकलेला असेल तर पुढच्या पट्ट्या सैल करून मागे ओढा. दुर्बिणीची खालची कडा बरगड्या जिथे संपतात तिथे, पोटाच्या वर, आणि आयपीस हनुवटीच्या खाली साधारण एक वीत. जास्त खाली असेल तर चालताना पोटावर आपटते, बसलं की मांडीला लागते. जास्त वर असेल तर मान खाली केली की हनुवटीला लागते. आता डोळे मिटा, हात खाली सोडा आणि दुर्बीण उचलून डोळ्याला लावा. पट्टी हातांना खाली ओढतेय असं वाटलं तर अर्धा इंच सैल करा, परत तेच. दोन्ही बाजू सारख्या सैल करा, नाहीतर दुर्बीण तिरकी लटकते आणि एका खांद्यावर वजन येतं. हे पाच-सहा वेळा केलं की एक जागा सापडते जिथे दुर्बीण सहज वर जाते आणि सोडली की परत तिथेच येऊन बसते. तिथे पट्टीवर मार्करने खूण करून ठेवा, कारण धुतल्यावर सगळं सरकतं. मग वाका, बुटाची लेस बांधा. इथे एक्स पट्ट्याची खरी कमजोरी दिसेल, दुर्बीण पुढे लोंबते. बांध ओलांडताना, चढ चढताना एक हात तिच्यावर ठेवायची सवय लावावी लागते, दुसरा इलाज नाही. सॅक नेहमी पट्ट्याच्या वरून घालायची, आणि काढताना आधी सॅक, हा क्रम मोडला की सगळा गुंता होतो.

बायकांसाठी एक सांगतो कारण आमच्या ग्रुपमध्ये ताई लोक भरपूर आहेत आणि वनरक्षक म्हणून पण बऱ्याच मुली आल्यात. पुढच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून लांब, बगलेकडून येणाऱ्या घ्या, जवळ-जवळ येणाऱ्या पट्ट्या छातीवर सरकत राहतात. ओढणी असेल तर ती पट्ट्याच्या आतून, नाहीतर दुर्बीण उचलताना ओढणीही वर येते.

आता पाऊचचं. तुम्हाला पुढे घ्यायचाच असेल तर पहिलं काम, फूटपट्टी घ्या आणि दुर्बिणीची उंची मोजा, आयकप (डोळ्याकडची फिरवायची रबरी कडी) बाहेर काढलेल्या अवस्थेत, कारण पाऊचमध्ये ठेवताना कोणी आयकप आत फिरवत बसत नाही. मग रुंदी, तुमचे डोळे जेवढे लांब तेवढीच दुर्बीण उघडून मोजा. १० बाय ४२ रूफ प्रिझमची (सरळ नळ्यांच्या दुर्बिणीची) उंची साधारण १४ ते १५ सेंटिमीटर येते पण प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, म्हणून मोजाच. जुनी पोरो प्रिझम असेल, ती रुंद खांद्यांची, तर बहुतेक पाऊचमध्ये ती बसतच नाही. घट्ट बसणारा पाऊच घेऊ नका, एका हाताने निघत नाही. झाकण तुमच्यापासून लांब, पुढच्या बाजूला उघडणारं घ्या, अंगाकडे उघडणारं झाकण दुर्बीण काढताना मधे येतं. आत दुर्बिणीला जोडायची एक छोटी दोरी पाहिजेच, नाहीतर हातातून निसटली की गेली.

आणि झाकण बंद कशाने होतं ते बघा, तुम्ही पाणवठ्यावर बसणार म्हणून हे जास्त महत्त्वाचं. वैशाख पौर्णिमेला यावल अभयारण्यात मचाणावर होतो, सोबत वनखात्याचा एक पावरा गडी. रात्री अडीच-तीनचा सुमार, चांदणं इतकं की पाण्याची कड स्पष्ट दिसत होती. पाचोळ्यात आवाज आला, मग थांबला, मग परत, आणि अस्वलाची मादी बाहेर आली, पाठीवर पिल्लू. पाण्यापासून तीस-चाळीस पावलं. मी हळूच पाऊचच्या झाकणाला हात घातला. वेल्क्रो होतं. खर्रर्र! त्या शांततेत तो आवाज मला कापड फाडल्यासारखा वाटला. मादी जागेवर थांबली, मागच्या पायांवर उठली, नाक आमच्याकडे केलं, आणि वळून आली तशी गेली, त्या रात्री परत पाण्यावर आली नाही. उन्हाळ्याच्या दिवसात, आसपास दुसरं पाणी नसताना, पिल्लू पाठीवर असलेली मादी माझ्यामुळे तहानलेली परत गेली हे मला अजून टोचतं. सोबतचा गडी काही बोलला नाही. सकाळी मी घरी येऊन ते वेल्क्रो उसवून टाकलं. तर वेल्क्रो नको. चेनही नको. लोहचुंबकाचं झाकण किंवा रबरी दोरी अडकवायचा हूक, हे दोनच. चुंबकाचाही सोडून दिलं की टक आवाज येतो, झाकण बोटाने धरून लावायची सवय करा. आणि मचाणावर तर मी आता पाऊच घालतच नाही, एक्स पट्टाच.

चुंबकाचं अजून एक. तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चुंबकवाला पाऊच अजिबात वापरू नका. चुंबक बरोबर पेसमेकरच्या समोर येतं आणि त्याच्या कामात अडथळा आणू शकतं, चुंबक पेसमेकरपासून सहा इंच तरी लांब ठेवायचं असतं. आमच्यातले एक रिटायर्ड काका तो घालून बघणार होते, वेळेवर लक्षात आलं. होकायंत्र पण पाऊचच्या खिशात ठेवू नका, सुई भलतीकडे दाखवते, मोबाइलमधलं कंपासही तसंच बिघडतं. जीपीएसला काही होत नाही.

मोटारसायकलवर मात्र पाऊच खरंच कामाचा. चोपडा-यावल रस्त्याला उन्हाळ्यात जी धूळ असते ती तुम्हाला सांगायला नको, आणि ट्रॅक्टर पुढे असेल तर विचारूच नका. ती बारीक माती आयपीसवर बसते, आपण शर्टाने पुसतो आणि कोटिंगवर ओरखडे. पाऊच नसेल तर दुर्बीण तिच्या स्वतःच्या पिशवीत घालून सॅकमध्ये ठेवा आणि रानात उतरल्यावर पट्टा चढवा, पाच मिनिटांचं काम आहे. गाडीच्या टाकीवरच्या बॅगेत उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात उलटा धोका, पाऊचचा फोम भिजला की दोन-तीन दिवस वाळत नाही, आणि तुम्ही दुर्बीण तशीच आत ठेवून कपाटात ठेवली तर काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तोरणमाळच्या पावसातून आलो की दुर्बीण आणि पाऊच वेगवेगळे, पंख्याखाली, आणि नंतर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.

रंगाबद्दल, कॅमोफ्लाज प्रिंट घेऊ नका असं माझं आग्रहाचं सांगणं. रानात पक्ष्याला प्रिंटपेक्षा हालचाल जास्त दिसते, आणि पाड्यावरच्या माणसाला मात्र छातीवर चट्ट्यापट्ट्याचा पाऊच बांधलेला अनोळखी माणूस शिकारी वाटतो नाहीतर पोलिसांचा. सुरुवातीला माझ्याकडे तसा होता, लोक बोलायचे नाहीत, पोरं लांब पळायची. खाकी किंवा मातकट रंगाचा साधा पट्टा घातल्यावर तेच म्हातारे बाबा स्वतः बोलावून दाखवायला लागले की पिंगळा कोणत्या सागावर बसतो.

शेवटचं, विकतच घ्यायला पाहिजे असंही नाही. माझा आत्ताचा पट्टा जळगावला फुले मार्केटजवळ सॅक शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतलाय. तुटलेला जुना घेऊन गेलो, तो म्हणाला "काय व्हयनं भो?" आणि तासाभरात शिवून दिला. त्याला सांगायचं, एक इंची निवार अडीच मीटर, पाठीला हाताच्या तळव्याएवढा चामड्याचा चौकोन, चार तीन-दाती बकलं, दोन साइड रिलीज, आणि पुढच्या प्रत्येक पट्टीत फक्त चार बोटं इलास्टिक. शिलाई चौकोन काढून मधे फुली, साधी आडवी टीप नको, ती उसवते. धाग्याचा रंग निवारीपेक्षा वेगळा घ्या, टीप सुटायला लागली की लगेच डोळ्यात भरते. धुवायचा साध्या पाण्यात, घामाचं मीठ निघेपर्यंत, आणि वाळवायचा सावलीत.

माप घेताना छातीचा घेर आणि खांद्यापासून बरगडीच्या टोकापर्यंतची लांबी लिहून ठेवा आणि दुर्बिणीचं मॉडेल कळवा, तिच्या कानाची फट किती आहे ते बघून निवार किती रुंद लागेल ते सांगतो, काही मॉडेलची फट बारीक असते, तिथे एक इंची जात नाही, शेवटचा वीतभर तुकडा अर्धा इंची शिवून घ्यावा लागतो.